उंदीर, अर्भक आणि गिऱ्हाईक

दरवर्षी पावसाळी सत्रात प्रथम वर्षाच्या वर्गापुढे ग्राहकाचे वर्तन शिकवताना प्रस्तुत लेखकाला एका अडचणीस तोंड द्यावे लागते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ग्राहक मोठा शहाणा असतो. आपल्याला काय हवे आहे हे त्याला बाजारात जाण्यापूर्वीच ठाऊक असते. खिशातला प्रत्येक रुपया कोठे खर्च केला असता अधिकात अधिक समाधान लाभेल याचा हिशोब तो मनातल्या मनात करतो आणि सीमांत उपयोगिता व किंमत यांचा मेळ बसला की संतुष्ट होऊन घरी परततो. फळ्यावर समवृत्ती वक्र काढून हे सारे सिद्धही करून दाखविता येते. परंतु मागच्या बाकावरून कोणी तरी हमखास विचारतो, की सर, गिऱ्हाइकाला सगळे ठाऊकच असेल तर कंपन्या जाहिरातीवर एवढा पैसा कशाला उधळतात? प्रश्न वरकरणी खोडसाळ वाटला तरी खोटा नाही. त्याचे उत्तर आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. ते थोडेफार सापडते ते एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या चरित्रात. हा गृहस्थ विद्यापीठात असेपर्यंत उंदीर, पक्षी आणि तान्ही मुले यांच्यावर प्रयोग करीत होता आणि विद्यापीठातून हाकलला गेल्यावर न्यूयॉर्कच्या एका जाहिरात कंपनीचा उपाध्यक्ष झाला. त्याचे नाव जॉन ब्रॉडस वॉटसन.

वॉटसनचा जन्म ९ जानेवारी १८७८ चा, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल परिसरातला. आई एमा कमालीची धर्मनिष्ठ. मुलाने पुढे धर्मोपदेशक व्हावे या इच्छेने तिने एका प्रसिद्ध बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे नाव त्याला ठेवले होते. वडील याच्या अगदी उलट. ते दारूच्या आहारी गेलेले होते आणि मुलगा तेरा वर्षांचा असताना घर सोडून निघून गेले. दारिद्र्य, कर्मठ आई आणि परागंदा बाप अशा घरातील हा मुलगा शाळेत आळशी आणि भांडखोर म्हणूनच ओळखला जात असे. तरीही सोळाव्या वर्षी तो गावच्या फर्मन विद्यापीठात दाखल झाला आणि १८९९ मध्ये एम. ए. होऊन बाहेर पडला. वर्षभर त्याने शिक्षकी केली. आई वारल्यावर धर्मोपदेशक होण्याचे बंधन सुटले आणि १९०० साली तो शिकागोला गेला.

शिकागो विद्यापीठातील त्याचे दिवस आपल्याकडच्या वार लावून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण करून देतात. खाणावळीत वाढप्याचे काम करायचे, प्रयोगशाळेतील झाडलोट करायची, पांढऱ्या उंदरांना दाणापाणी द्यायचे आणि उरलेल्या वेळात अभ्यास करायचा, असा त्याचा क्रम होता. या ओढाताणीत १९०२ मध्ये त्याची प्रकृती ढासळली. रात्र रात्र झोप लागेना. कित्येक दिवस खोलीत दिवा जळत ठेवल्याखेरीज त्याला डोळा मिटता येत नसे. भीती या भावनेचा पुढे ज्याने प्रयोगशाळेत आणि बाजारात असा दोन्हीकडे उपयोग केला, त्याने ती आधी स्वतः अशी भोगली होती. १९०३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, उंदरांच्या शिक्षणावरील प्रबंधाबद्दल त्याला पीएच. डी. मिळाली. त्याच सुमारास मेरी आयकिस या विद्यार्थिनीशी त्याचा विवाह झाला. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे याच वर्षांत थॉर्स्टीन व्हेब्लेन हाही शिकागोलाच अर्थशास्त्र शिकवीत होता. श्रीमंतांचा खर्च गरजेपोटी नव्हे तर दिखाव्यापोटी होतो, हे त्याने १८९९ मध्येच लिहून ठेवले होते. एकाच विद्यापीठात एक जण उपभोगाचे विडंबन करीत होता आणि दुसरा उंदरांना चक्रव्यूहात धावायला शिकवीत होता!

१९०८ मध्ये वॉटसन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथील विभागप्रमुखाला एका लांच्छनास्पद प्रकरणामुळे पद सोडावे लागले आणि तिशीच्या उंबरठ्यावरील या तरुणाकडे विभागाची सूत्रे व एका प्रतिष्ठित नियतकालिकाचे संपादकत्व अनायासे चालून आले. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्याने जे व्याख्यान दिले त्याने मानसशास्त्राची दिशा बदलली. तोवर मानसशास्त्र म्हणजे अंतर्निरीक्षण: माणसाने आपल्या मनात डोकावायचे आणि काय दिसले ते सांगायचे. वॉटसनने हे सारे मोडीत काढले. जे दिसत नाही, मोजता येत नाही, ते शास्त्राचा विषय होऊ शकत नाही. उद्दीपक आणि प्रतिसाद एवढेच पाहावे. आणि मानसशास्त्राचे उद्दिष्ट वर्तनाचे भाकीत करणे व त्याचे नियंत्रण करणे हे असावे, अशी त्याची मांडणी होती. वर्तनवाद तो हाच. दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, तो अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला.

यातील नियंत्रण या शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. भाकीत करणे हे कोणत्याही शास्त्राचे काम असते. नियंत्रण कोणाचे, कोणी आणि कोणासाठी करायचे, हा प्रश्न मात्र शास्त्राच्या बाहेरचा आहे. वॉटसनने तो विचारलाच नाही. पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ येथे आहे, असे मला वाटते.

१९१६ पासून त्याने हॉपकिन्सच्या इस्पितळात तान्ह्या मुलांचे निरीक्षण आरंभिले. नवजात अर्भकाला भीती, राग आणि प्रेम या तीनच मूळ भावना असतात आणि बाकी सारे संस्काराने घडते, असा त्याचा निष्कर्ष होता. तो पडताळून पाहण्यासाठी १९१९-२० च्या हिवाळ्यात त्याने रोझली रेनर या सहकारी विद्यार्थिनीसह जो प्रयोग केला तो आज मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. शास्त्रीय निबंधात ज्याला अल्बर्ट म्हटले आहे ते अकरा महिन्यांचे एक शांत, गुटगुटीत मूल होते. पांढरा उंदीर दिसला की ते आनंदाने हात पुढे करी. त्याने हात पुढे करताच त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोड्याचा दणका मारण्यात येऊ लागला. काही वेळा असे झाल्यावर आवाज नसतानाही नुसता उंदीर पाहून मूल रडू लागले, रांगत दूर पळू लागले. पुढे ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही ते भिऊ लागले. भीती निर्माण करता येते हे सिद्ध झाले. ती काढून टाकण्याचा प्रयोग मात्र झालाच नाही, कारण तोवर मूल इस्पितळातून गेले. ते जाणार आहे हे प्रयोगकर्त्यांना आधीपासून ठाऊक होते.

याच सुमारास वॉटसन आणि रोझली यांचे प्रेमसंबंध उघडकीला आले. पत्नीच्या हाती पत्रे लागली, घटस्फोटाचा खटला उभा राहिला आणि बाल्टिमोरच्या वृत्तपत्रांनी ती पत्रे छापली. त्याच वर्षी ज्या विद्यापीठाने त्याला टिकवून धरण्यासाठी पगारवाढ दिली होती त्यानेच १९२० च्या शरद ऋतूत त्याचा राजीनामा मागितला. सहकाऱ्यांनी पाठ फिरवली. अपवाद होता तो एडवर्ड टिचेनरचा. ज्या अंतर्निरीक्षणाची वॉटसनने खिल्ली उडविली होती त्याचा हा सर्वांत मोठा पुरस्कर्ता. पण वॉटसनला नव्या नोकरीसाठी शिफारसपत्र लागले तेव्हा ते लिहून देणाऱ्या थोड्या लोकांत तो होता. वॉटसन आणि रोझली यांनी लवकरच लग्न केले.

न्यूयॉर्कमध्ये तो ज्या जे. वॉल्टर थॉम्प्सन कंपनीच्या दारात गेला ती तेव्हाच अमेरिकेतील अग्रगण्य जाहिरात संस्था होती. तिचा प्रमुख स्टॅन्ली रीझॉर हा येल विद्यापीठाचा पदवीधर असून जाहिरात हा भाटगिरीचा धंदा न राहता वैद्यकी-वकिलीसारखा प्रतिष्ठित व्यवसाय व्हावा, ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. असा गाजलेला शास्त्रज्ञ आपल्या पदरी असणे त्याला हवेच होते. परंतु त्याने वॉटसनला प्रथम खुर्ची दिली नाही, पायपीट दिली. मिसिसिपी नदीच्या काठाकाठाने गावोगाव हिंडून लोक कोणत्या कंपनीचे रबरी बूट वापरतात याची चौकशी करणे, किराणा दुकानदारांना युबान कॉफी विकणे, आणि मग मेसी या प्रचंड दुकानात काही आठवडे काउंटरमागे उभे राहून विक्रेत्याचे काम करणे, असे त्याचे प्रशिक्षण झाले. चाळिशी ओलांडलेल्या, राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद भूषविलेल्या माणसाने हे सारे बिनतक्रार केले. एवढेच नव्हे, एखाद्या नव्या वस्तूच्या विक्रीचा आलेख चढताना पाहणे हे प्राण्यांच्या शिक्षणाचा आलेख पाहण्याइतकेच रोमांचक आहे, असे त्याने पुढे आत्मकथनात नमूद केले. माझ्या मते त्याच्या चरित्रातील हा सर्वांत मोकळा कबुलीजबाब आहे. प्रयोगशाळा सुटली असे त्याला वाटलेच नाही. उंदीर बदलला, इतकेच.

१९२४ मध्ये तो कंपनीचा उपाध्यक्ष झाला. त्याची शिकवण थोडक्यात अशी: ग्राहकाच्या बुद्धीशी युक्तिवाद करीत बसू नका, भीती, राग आणि प्रेम या तीन तारांपैकी एखादी छेडा. वस्तूचे गुण सांगण्यापेक्षा ती वस्तू ज्या भावनेशी जोडली जाईल ती भावना महत्त्वाची. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बाळाच्या पावडरीचे उदाहरण घ्या. या प्रचारमोहिमेने सुस्थितीतील, शहरी, गोऱ्या तरुण स्त्रिया आणि त्यांतही पहिलटकरणी हेरल्या. पहिलटकरणीला स्वतःचा अनुभव नसतो. आजी-आई दूर गावी राहिलेली असते. तिला सांगितले गेले की तुमच्या बाळाला जंतुसंसर्गाचा धोका पदोपदी आहे, आणि ही पावडर शुद्ध असून तज्ज्ञांना मान्य आहे. म्हणजे आधी काळजी आणि मागाहून डबा. अल्बर्टच्या पाठीमागचा हातोडा येथे मासिकाच्या गुळगुळीत पानावर आला, असे कोणी म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे होणार नाही. शुद्धतेच्या नावाने विकली गेलेली ही टाल्कची पावडर त्याच कंपनीने, ती सुरक्षितच आहे असे अखेरपर्यंत सांगत पण हजारो दाव्यांना तोंड देत, २०२० मध्ये अमेरिका व कॅनडात आणि २०२३ मध्ये जगभर विकणे थांबविले, हा पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक असेलच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याचा सिगारेटींवरील प्रयोग. धूम्रपान करणाऱ्यांचे डोळे बांधून त्यांना निरनिराळ्या छापांच्या सिगारेटी ओढायला दिल्या तर स्वतःचा नेहमीचा छाप त्यांना खात्रीने ओळखता येत नाही, असे आढळून आले. आपल्याच छापाखेरीज दुसरा न ओढणारे हे लोक तंबाखू ओढत नव्हते. ते नाव आणि चित्र ओढत होते. ज्याला आज ब्रँड म्हणतात त्याची किंमत येथे उघडी पडते. वस्तू तीच, उत्पादनखर्च तोच, आणि तरीही नावासाठी गिऱ्हाईक दोन पैसे जास्त मोजते. अर्थशास्त्राला याची दखल घ्यायला वेळ लागला. १९३३ मध्ये एडवर्ड चेंबरलिनने मक्तेदारीयुक्त स्पर्धेचा सिद्धांत मांडला तेव्हा कोठे वस्तुभेद आणि विक्रीखर्च हे शब्द आमच्या शास्त्रात रुजले. पण ग्राहकाच्या आवडीनिवडी मुळात कोठून येतात, हा प्रश्न त्यानंतरही बराच काळ मानसशास्त्राच्या अंगणात ढकलून आम्ही मोकळे झालो.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. वॉटसनने एकट्याने आधुनिक जाहिरात घडविली, ही जी आख्यायिका आहे ती तपासून पाहता टिकत नाही. वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाचे जाहिरातशास्त्रावरील पुस्तक १९०३ मध्येच निघाले होते. भावनेला हात घालणारी वुडबरी साबणाची गाजलेली जाहिरात १९११ च्या सुमाराची, आणि ती लिहिणारी हेलन लॅन्सडाउन ही पुढे रीझॉरची पत्नी झाली. रुमानियाच्या राणीच्या मुखातून पाँड्स क्रीमची स्तुती करविण्याच्या युक्तीचे श्रेय वॉटसनला देण्याची प्रथा आहे, पण प्रशस्तिपत्रांचा मार्ग त्या कंपनीत रीझॉर दांपत्यानेच रुंद केला होता. मग वॉटसनने केले काय? अलीकडच्या अभ्यासकांचे उत्तर मोठे मार्मिक आहे. त्याने साबण किंवा पावडर विकली त्याहून अधिक जाहिरात कंपनी विकली. कारखानदारांपुढे, व्यापारी मंडळांपुढे, मासिकांतून आणि नभोवाणीवरून तो बोलत राहिला. माणसाचे वर्तन ताब्यात ठेवण्याचे शास्त्र आमच्यापाशी आहे, हा विश्वास त्याच्या नावामुळे गिऱ्हाइकांच्या नव्हे, तर उद्योगपतींच्या मनात रुजला. मोटारी, शिवणयंत्रे, साबण यांचे उत्पादन प्रचंड प्रमाणावर होऊ लागले होते. ते खपले नाही तर काय, ही धास्ती त्या उद्योगपतींना होती. त्या भीतीवर उतारा म्हणून शास्त्रज्ञ उभा केला गेला. स्वतःच्याच सिद्धांताचे इतके चोख प्रात्यक्षिक त्याने प्रयोगशाळेतही दाखविले नव्हते.

हा विश्वास समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. जनरल मोटर्सने मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली तेव्हा तिच्या जाहिरातींचे काम पाहण्यासाठी १९२९ मध्ये थॉम्प्सन कंपनीने मुंबईत कचेरी उघडली. पुढे हिंदुस्थान थॉम्प्सन या नावाने ती देशातील मोठ्या जाहिरात संस्थांपैकी एक झाली. त्याच कंपनीच्या लंडन शाखेने तिसाच्या दशकात हॉर्लिक्ससाठी रात्रीच्या उपासमारीची कल्पना काढली. रात्री झोपेत शरीराची उपासमार होते म्हणून सकाळी थकवा येतो, असा हा नवाच आजार! तो कोणत्या वैद्याने नव्हे, जाहिरात लिहिणाऱ्याने शोधला. वॉटसनचा त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध नव्हता, पण रीत तीच. स्वस्थ बसलेल्या माणसाला प्रथम अस्वस्थ करायचे आणि मग उपाय म्हणून बाटली पुढे करायची.

विसाच्या दशकात वॉटसन प्राध्यापकीत कधीच शक्य नव्हते इतके पैसे मिळवीत होता. कनेटिकटमध्ये त्याने शेतीवाडी केली. याच काळात मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने, वॉटसनचा सल्ला घेत, सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या बालकाची भीती हळूहळू घालवून दाखविली आणि तो वृत्तांत १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. भीती निर्माण करण्याइतकेच ती दूर करण्याचे तंत्रही उपलब्ध झाले होते. त्याला मात्र बाजारात कोणी गिऱ्हाईक मिळाले नाही. का, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

१९२८ मध्ये वॉटसनने रोझलीच्या साहाय्याने बालसंगोपनावर पुस्तक लिहिले. मुलांना कुरवाळू नका, मांडीवर घेऊ नका, फार तर रात्री झोपताना कपाळाचे चुंबन घ्या आणि सकाळी हस्तांदोलन करा, असा त्यातील उपदेश. थोड्याच महिन्यांत पुस्तकाच्या एक लाख प्रती खपल्या. पावडरीच्या जाहिरातीने जिची भीती जागविली होती तीच आई आता हे पुस्तक विकत घेत होती, आणि दोन्हींमागे शास्त्राचा तोच अधिकारवाणीचा सूर होता. स्वतःच्या दोन मुलांना त्याने याच पद्धतीने वाढविले. १९३० मध्ये रोझलीने एका पालक-मासिकात लेख लिहून आपल्या मनातील चलबिचल हलक्या शब्दांत व्यक्त केली. मुलांना जवळ घेण्याचा मोह आपल्याला आवरत नाही, हे तिने लपविले नाही. १९३५ मध्ये आमांशाने ती अकाली गेली. या घरातील एका मुलाने पुढे मनोविकारतज्ज्ञ होऊन आत्महत्या केली. वॉटसनची पहिल्या पत्नीकडून झालेली नात, अभिनेत्री मॅरिएट हार्टली, हिने १९९० मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात या शिस्तीचे ओझे आपल्या आईवर आणि आपल्यावर कसे पडले ते सांगितले आहे. ज्या सिद्धांताने लाखो आयांना सल्ला दिला त्याची परीक्षा त्याच्याच घरात झाली. तिचा निकाल मात्र लावणाऱ्याच्या हयातीत पूर्णपणे लागला नव्हता. त्या पुस्तकाबद्दल वॉटसनला उत्तरायुष्यात खंत वाटत होती, एवढे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

रोझलीच्या मृत्यूनंतर तो मिटून गेला. थॉम्प्सन कंपनी सोडून तो विल्यम एस्टी या दुसऱ्या जाहिरात संस्थेत गेला, आणि १९४५ मध्ये निवृत्त होऊन कनेटिकटमधील शेतावर राहू लागला. मद्यपान वाढले होते. अर्थकारण मात्र त्याने घालून दिलेल्या वाटेने चालले होते. १९५७ मध्ये व्हान्स पॅकार्डचे छुप्या मनधरणीवरील पुस्तक आले आणि जाहिरातदार आपल्या मनाशी काय खेळ खेळतात हे वाचून सामान्य अमेरिकन वाचक चपापला. १९५८ मध्ये, पुढे भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आलेल्या जॉन केनेथ गॅलब्रेथने, उत्पादन ज्या गरजा भागविते त्याच निर्माणही करते, असा सिद्धांत मांडून आमच्या शहाण्या ग्राहकाला सिंहासनावरून खाली खेचले. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यास अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते २००२ मध्ये. म्हणजे बाजाराने जे विसाच्या दशकात वापरायला घेतले ते आमच्या शास्त्राच्या पंक्तीला बसायला ऐंशी वर्षे लागली. मधल्या काळात आम्ही फळ्यावर वक्र काढीत होतो.

१९५७ मध्येच अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने वॉटसनला सुवर्णपदक जाहीर केले. सदतीस वर्षांनंतर जुने जग त्याला परत बोलावीत होते. तो न्यूयॉर्कपर्यंत आला. पण ऐन वेळी, सभागृहात आपल्याला रडू आवरणार नाही या धास्तीने, तो आत गेलाच नाही. पदक घ्यायला त्याने मुलाला पाठविले. भावना आवरण्याचे शास्त्र सांगणाऱ्याला या एका प्रसंगी ते उपयोगी पडले नाही. पुढच्या वर्षी, २५ सप्टेंबर १९५८ रोजी, तो वारला. मृत्यूपूर्वी त्याने आपली सारी टिपणे, पत्रे आणि अप्रकाशित लिखाण जाळून टाकले. त्यामुळे जाहिरातीच्या धंद्यात त्याने नेमके काय केले हे अभ्यासकांना ड्यूक विद्यापीठात जतन केलेल्या थॉम्प्सन कंपनीच्या दप्तरातून जुळवावे लागते.

अल्बर्टच्या प्रयोगाचे चित्रण मात्र शिल्लक आहे. शंभर वर्षांनंतरही ते जगभरच्या मानसशास्त्राच्या वर्गांतून दाखविले जाते. धूसर पडद्यावर गादीवर बसलेले ते मूल दिसते आणि त्याच्यासमोर उंदीर सोडला जातो. प्रयोगानंतर एकतीस दिवसांनी त्याची पुन्हा तपासणी झाली होती. त्या दिवशी हातोडा कोणीही वाजवला नव्हता. मूल तरीही मागे सरकले.